आईचे उपास

वालाला आवाज असतो असं मी वर्गात सांगितलं की पोरं खो खो हसायची. हसोत बापडी. त्यांनी कधी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलले नव्हते. साल चिमटीत धरून दाबलं की आतली डाळिंबी सुळकन निसटते आणि पातेल्यात पडते, टप्. पातेलं रिकामं असताना तो आवाज खणखणीत असतो, भरत आलं की मऊ होतो. आम्ही म्हसळ्याला एसटी स्टँडच्या मागच्या आळीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढं सारवलेली पडवी, आणि त्या पडवीत रोज दिवेलागणीला आई आणि मी वाल सोलत बसायचो. वडील मला आठवत नाहीत. मुंबईला गोदीत कामाला होते आणि मी रांगत असतानाच गेले, एवढंच मला माहीत. त्यामुळं घर म्हणजे आम्ही दोघी आणि तिसरं ते पातेलं. शेजारणी विचारायच्या, तुम्ही मायलेकी कधी बोलता तरी का गं एकमेकींशी? बोलायचो की. पण सोलताना गप्पा मारल्या की सालं डाळिंब्यांत जातात, आणि आईला ते अजिबात खपायचं नाही.

सकाळी मला जाग यायची ती पाट्यावर वाटल्या जाणाऱ्या खोबऱ्याच्या वासानं. आई अंधारातच उठलेली असायची. आमची खाण्याची हातगाडी स्टँडच्या फाटकाबाहेर भेंडीच्या मोठ्या झाडाखाली उभी राहायची. झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक मारुती होता, गुडघ्याएवढा. मुंबईहून रात्रभर माणसांची हाडं खिळखिळी करत आलेल्या एसट्या उजाडता उजाडता म्हसळ्याला लागायच्या, आणि श्रीवर्धनकडं, दिघीकडं जाणारे लोक पुढची गाडी लागेपर्यंत आमच्याकडं वळायचे. आई बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीनं तेल फिरवायची, पळीभर तांदळाचं पीठ ओतायची आणि वर झाकण ठेवायची. झाकण काढलं की घावणं जाळी पडून तयार. ताटलीत घावणं, शेजारी डाळिंब्यांची उसळ, कडेला ओल्या खोबऱ्याची चटणी. कुणाला पाव हवा असला तर हुसेनचाचांच्या भट्टीतला पाव असायचा, तो ते स्वतः सायकलवरून करंडीत आणून द्यायचे, अजून वाफ धरलेला. खिशात पुढच्या तिकिटापुरते पैसे राखूनसुद्धा माणूस तिथून पोटभर खाऊन उठायचा. मी बघितलंय, रात्रभर बसून आंबलेले चेहरे पहिल्या घासाला सैल व्हायचे. कुणाच्या घरी मयत झालेलं असायचं म्हणून तो गावी निघालेला असायचा, कुणाची नोकरी सुटलेली असायची. आई कुणाला काही विचारायची नाही. फक्त अशा माणसाच्या ताटलीत उसळ थोडी जास्त पडायची.

परवा मैत्रिणीचा मुलगा, माझा मानलेला भाचा, मला हौसेनं काशीदला घेऊन गेला. तिथं किनाऱ्याच्या रस्त्यावर रंगीत पाटी लावून घावणी विकत होते. चीज घातलेली. मी एक खाल्लं, वाईट नव्हतं. भाचा म्हणाला, मावशी, अगदी आजीच्या हातची चव आहे की नाही? त्यानं आजीच्या हातचं कधी खाल्लेलं नाही. मी हो म्हटलं. या वयात प्रत्येक गोष्टीवर वाद घालत बसायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही.

मी सातवीत असताना आईला टायफॉइड झाला. तापातून उठली, पण तोंडाला चव नव्हती. आता तापानंतर तोंडाला चव नसते हे काय नवीन आहे? येईल चार दिवसांत, असं सगळे म्हणाले, तीही म्हणाली, आणि गाडी पुन्हा लावली. पहिल्याच सकाळी गिऱ्हाईकं घास घेऊन थबकायला लागली. श्रीवर्धनच्या गाडीवर कदममामा म्हणून एक ड्रायव्हर होते, रोजचे. ते गाडीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आज मिठाचा डबा उपडा झाला वाटतं." आईनं त्यांच्यासमोर उसळ तोंडात घातली आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. घरी आल्यावर मात्र तिनं मला समोर बसवलं, जिभेवर मीठ ठेवलं, मग चूळ भरून साखर ठेवली, मग आमसूल. तिन्ही वेळा तशीच बसून राहिली. मग म्हणाली, सगळं सारखंच लागतंय गो. डॉक्टर म्हणाले, जिभेच्या नसेला काहीतरी झालंय, चव परत येईल किंवा येणारही नाही. ती परत आली नाही.

हे नेमकं काय असतं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. मागं करोनाची साथ आली तेव्हा माझीही चव गेली होती, काही आठवड्यांसाठी. भात म्हणजे मऊ, भाकरी म्हणजे खरखरीत, चहा म्हणजे गरम, संपलं. मी ताटावर बसून चक्क रडले, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. आईनं असं जेवून वर्षानुवर्षं काढली, आणि त्यातही रोज सकाळी उठून ती लोकांना चवीनं खायला घालत होती.

तिला भीती एकच होती. ही गोष्ट बाहेर फुटली तर जिला चव कळत नाही तिच्या हातचं कोण खाणार? घर त्या गाडीवर चालत होतं, माझी शाळा त्या गाडीवर चालत होती. म्हणून मी तिची जीभ झाले. शाळेआधी मी गाडीवर जायची आणि उसळ, चटणी, पीठ, सगळं चाखायची. मीठ हवं, आंबट पुरे, असं सांगायची. पण तेवढ्यावर आई मला सोडायची नाही. मीठ घालून झालं, ढवळून झालं की पुन्हा एक चमचा माझ्या हातावर ठेवायची आणि विचारायची, "कसं लागतंय?" मी म्हणायची, छान. ती म्हणायची, "नीट सांग." मग मला सांगावं लागायचं. आधी खोबरं लागतं, गोडसर. मग गूळ कळतो न कळतो तोच आमसूल येतं. आणि सगळं गिळून झाल्यावर मागून वालाचा कडवटपणा येतो, तो जिभेच्या मुळाशी राहतो. मी सांगत असताना ती तव्याकडं बघत असायची, पण तिचा गळा हलायचा, आपण घोट गिळताना हलतो तसा. मला शाळेला उशीर व्हायचा आणि मी चिडायची. पुढं शिक्षिका झाल्यावर लोक म्हणायचे, बाई, तुम्ही फार छान वर्णन करता हो. करीन नाही तर काय!

आता पोर रोज भर रस्त्यात चाखतेय आणि आई एक कणही तोंडात घालत नाही, हे लोकांच्या डोळ्यांवर यायला लागलं. कुणीतरी विचारलंच. आई पटकन बोलून गेली की माझा आज उपास आहे. सोमवार होता, खपून गेलं. मंगळवारी पुन्हा कुणी विचारलं तर गणपतीचा उपास. गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, मध्येच एकादशी, संकष्टी, प्रदोष. बुधवारी काय सांगायचं म्हणून आम्ही दोघी पडवीत डोकं खाजवत बसलो होतो. शेवटी आईनं कुलदैवताचा नवस काढला. आम्ही इतक्या हसलो त्या संध्याकाळी की डाळिंब्यांत सालं गेली आणि तिनं ती तशीच राहू दिली.

खोटं बोलायला गेलं की निभवावं लागतं. अख्ख्या म्हसळ्यात तिचा बोलबाला झाला. बायका आपल्या सुनांना घेऊन यायच्या, या बाईच्या पाया पड म्हणायच्या, एवढी राबते आणि आठवडाभर निरंकार राहते. व्रताचं उद्यापन कसं करायचं ते विचारायला घरी यायच्या. आई सगळ्यांना शांतपणे काहीतरी सांगायची आणि मी आत तोंडात ओढणी कोंबून हसायची. पण मग तिला खरंच कुणासमोर खाता येईना. दिवसभर गाडीवर काही नाही, आणि संध्याकाळी घरी आली तर जेवायची तिला इच्छाच नसायची. चव नाही तर भूक कुठून लागणार? मी ताट वाढून पुढ्यात ठेवायची, ती औषध घेतल्यासारखे चार घास गिळायची आणि पाणी प्यायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. लोक म्हणायचे, उपासानं तेज आलंय. माझा संताप व्हायचा.

बारावी झाल्यावर मला अलिबागला डी.एड.ला प्रवेश मिळाला. मी जाणार नाही म्हणून सांगून टाकलं. मी गेले तर चाखणार कोण? आईनं आधी समजावलं, मग अबोला धरला. मीही तिचीच पोर, मी दुप्पट अबोला धरला. वालाच्या पातेल्यावर दोघी समोरासमोर आणि फक्त टप् टप्. आणि मग एका सकाळी गाडीवर तिनं चटणीत बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "मिरची जास्त झाली गो." मी चाखून बघितलं. खरंच जास्त झाली होती. म्हणाली, काही दिवस झाले, हळूहळू कळायला लागलंय, तुला सांगितलं नाही कारण परत जाईल की काय अशी भीती वाटत होती.

मी जन्माची संशयखोर. म्हटलं, बघू. तिच्याकडं पाठ केली, दोन वाट्यांत बिनमिठाची उसळ घेतली, एकीत मीठ घालून ढवळलं आणि वळून दोन्ही वाट्या तिच्यापुढं धरल्या. कदममामा बाकावर चहा घेत बसले होते, हुसेनचाचा पाव मोजायचे थांबून बघत होते. आईनं एका वाटीतलं घेतलं, दुसऱ्या वाटीतलं घेतलं, जरा थांबली, आणि उजवीकडच्या वाटीकडं बोट केलं. "ही अळणी." बरोबर होतं. मी पुन्हा पाठ केली, वाट्यांची अदलाबदल केली. पुन्हा बरोबर. चाचांनी डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. कदममामा एकदम उठले आणि गाडी काढायची वेळ झाली म्हणाले. अजून झाली नव्हती, ते मला तेव्हाही जाणवलं होतं. पण मी आईच्या गळ्यात पडून रडत होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. मला ते खरं हवं होतं.

मी अलिबागला गेले. वसतिगृह, मैत्रिणी, नागावच्या समुद्रावर चालत जाणं, सगळं मला मिळालं, आणि मनावर ओझं नसताना मिळालं. सुट्टीत घरी आले की गाडीवर जायची. घावणी तशीच, उसळ तशीच, गिऱ्हाईकं तशीच. एक नवीन प्रथा आईनं पाडली होती. पहिली ताटली झाडाखालच्या मारुतीला जायची. नैवेद्य चाखून बघायचा नसतो, तो तसाच दाखवायचा असतो, मग तो प्रसाद कदममामांना मिळायचा, आणि त्यांची सुट्टी असली तर हुसेनचाचांना. चाचा मारुतीचा प्रसाद आवडीनं खायचे. मला हे सगळं छान वाटलं. म्हटलं, चव परत आली म्हणून देवाचं काही फेडत असेल. फक्त एक गोष्ट बंद झाली होती. आई मला आता "कसं लागतंय" असं विचारायची नाही. मी खायची, ती दुसरीकडं बघायची. आता तिला माझी गरज काय, असंच मी समजले.

शेवटच्या परीक्षेच्या आधी निरोप आला की आई गाडीवरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, कुपोषण आहे, हृदय दमलंय, आणि हे आजचं नाही. घरी आणलं तेव्हा ती खाटेवर इतकीशी दिसत होती. दिवसभर स्टँडवरचे लोक येऊन बघून जात. त्या उपासाच्या बायकाही यायच्या आणि हात जोडून बसायच्या. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं. एका दुपारी आई म्हणाली, डाळिंब्या कर गो, तुझ्या हातच्या. मी कधीच केल्या नव्हत्या. सोलल्या होत्या, चाखल्या होत्या, पण फोडणी नेहमी तिची. मी केल्या. डोळ्यांत पाणी येत होतं, धूर होता की दुसरं काही कोण जाणे. वाटी घेऊन तिच्याजवळ बसले आणि चमच्यानं भरवलं. तिनं सगळी वाटी संपवली. कितीतरी दिवसांत तिनं एवढं खाल्लं नव्हतं. मी विचारलं, कशा झाल्यात? म्हणाली, "माझ्यापेक्षा बऱ्या झाल्यात. मीठ तर अगदी नेमकं पडलंय."

मी आनंदानं चुलीपाशी गेले आणि पातेल्यातली थोडी स्वतः घेतली. मीठ नव्हतं. कमी होतं असं नाही, मी घालायलाच विसरले होते. उसळ नुसती मातीसारखी लागत होती.

कदममामा रोजच्यासारखे चौकशीला येऊन पडवीत बसले होते. मी वाटीभर उसळ नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी घास घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, मामा, यात मीठच नाही, आणि ती म्हणतेय नेमकं पडलंय. त्यांनी आतल्या दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी मी पाठ करून मीठ घातलं तेव्हा माझं तोंड त्यांच्याकडं होतं. मी वळले तेव्हा आईला माझ्या खांद्यावरून ते दिसत होते. ज्या बाजूच्या वाटीत मीठ, त्या हातात चहाचा ग्लास, असं त्यांचं आधीच ठरलं होतं, मी परीक्षा घेतल्याशिवाय राहणार नाही हे आई ओळखून होती. त्या दिवशीच्या चटणीतली मिरची चाचांनी आधी चाखून सांगितली होती. आणि मारुतीचा प्रसाद खाल्ल्यावर मामा रोज तव्याशी जाऊन हळूच म्हणायचे, मारुतीला आज मीठ कमी लागलं हो वहिनी. "सगळ्या स्टँडला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू जायला हवीस असं तिला वाटत होतं. आम्हाला पण वाटत होतं."

मला आजही आईचा राग येतो. एवढ्या वर्षांत तो कमी झालेला नाही. खोटं बोलली म्हणून नाही, तिनं मला वाढवलं तेच खोट्या उपासांवर. राग याचा येतो की माझं सांगणं हीच तिची उरलेली चव होती आणि ती तिनं आपण होऊन सोडली. कसं लागतंय असं विचारलं असतं तर मला संशय आला असता, म्हणून तिनं विचारलंच नाही. मी सुट्टीत समोर बसून खात होते आणि ती दुसरीकडं बघत होती. तो तिचा खरा उपास होता, आणि त्याच्या पाया पडायला कुणी आलं नाही.

पडवी आणि आतली खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. कुजबुजलेलंसुद्धा पलीकडं ऐकू जायचं. मी आत गेले तेव्हा आई दाराकडंच बघत होती. तिला सगळं कळलं होतं आणि मला कळलंय हेही कळलं होतं. मला वाटलं ती रडेल, पण तिच्या तोंडावर हसू होतं, बुधवारचा उपास शोधून काढला त्या संध्याकाळचं. ती म्हणाली, राहिलेली उसळ तू वाटीत घेऊन ये आणि इथं बसून खा. मी पातेल्यातली उसळ घेतली, तिच्या खाटेशी बसले आणि पहिला घास घेतला.

"कसं लागतंय?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, छान.

"नीट सांग."

मग मी सांगायला लागले. आधी खोबरं लागतं, आई, गोडसर. मग गूळ आणि लगेच आमसूल. डाळिंबी दाताखाली फुटते, तेव्हा आतून ऊन ऊन लागते. मग सगळं गिळून झालं की मागून कडवटपणा येतो, तुझ्या उसळीला येतो तसाच, आणि जिभेच्या मुळाशी राहतो. तिनं डोळे मिटले होते. तिचा गळा हलत होता.

"आणि मीठ?" ती म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.